खाडीच्या तोंडाशी कोणी मासे मारत नाही

दिल्लीहून परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनार मेट्रोच्या खिडकीतून दिसतो म्हणे, पण तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत बसले होते. जे पाहिलं ते मात्र सांगितल्याशिवाय राहवणार नाही. राग शांत झाला की लिहू असं ठरवलं होतं. बरेच दिवस वाट पाहिली, तो काही शांत होईना. तेव्हा आहे तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

आधी आमच्या गावाबद्दल. वेसरे हे कोकणातलं बंदर. बंदर कंपनीचं एक गुळगुळीत रंगीत पुस्तक आहे, त्यात लिहिलं आहे की बंदर यायच्या आधी इथे ओसाड किनारा होता. ह्या ओसाड किनाऱ्यावरच्या शाळेत मी इतिहास शिकवते. माझ्या पणजोबांच्या काळात मलबारहून सागवान आणि कौलं भरून गलबतं यायची, आणि इथलं मीठ, तांदूळ, सुकी मासळी भरून जायची. नाखवे कोळी, खलाशी मुसलमान, व्यापारी भाटिये आणि जकात घ्यायला इंग्रज. त्या जकात नाक्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, वर्गातल्या पोरांना मी दर वर्षी तिथे नेते. पुढे घाटातून ट्रक धावायला लागले आणि गलबतं वाळूत कुजली. मग मोठं बंदर आलं. उत्तरेचा सगळा किनारा गेला, मिठागरं गेली, आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळेल असं सांगण्यात आलं. मिळाली की! गेटवर उभं राहायची, कंटेनरचे नंबर टिपायची, ट्रेलर हाकायची, आणि सगळी कंत्राटी. बंदराची उलाढाल दर वर्षी वाढते असं पेपरात येतं. आमच्या गावात दर वर्षी वाढते ती धूळ.

कोळ्यांना उरलं ते खाडीचं तोंड. तिथे आम्ही खुंट रोवतो. दोन लाकडी खुंटांच्या मध्ये लांब पिशवीसारखं जाळं बांधायचं, आणि भरती-ओहोटीचं पाणी मासळी आत आणून घालतं. कोणत्या घराचे खुंट कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आता कंपनीला तिथे कोळशाची जेट्टी बांधायची आहे. त्यासाठी दिल्लीतल्या सरकारी समितीची परवानगी लागते, आणि समितीपुढे एका सल्लागार कंपनीचा अहवाल आहे. त्यात एक वाक्य आहे: खाडीच्या तोंडाशी कोणी मासे मारत नाही, असे स्थानिकांनी स्वतः सांगितले.

हे वाक्य खोडायला आम्ही दिल्लीला गेलो. समितीने आमचं म्हणणं ऐकायचं कबूल केलं होतं. मच्छीमार सोसायटीने मला निवडलं, कारण मला हिंदी-इंग्रजी येतं आणि मी भांडते. आणि दामूकाकांना निवडलं, कारण ते गावातले सर्वांत जुने नाखवे. दामूकाका माझे सख्खे चुलते. ते यायला तयारच नव्हते. "मला नको नेऊ, मास्तरीण," असं तीन-चारदा म्हणाले. मला वाटलं, वय झालं, उन्हाळ्याचे दिवस, घाबरले असतील. तेव्हाच नीट विचारायला हवं होतं.

द्वारका

माझी मावसबहीण मृणाल दिल्लीतल्या द्वारकेत राहते. सोसायटी, गेट, गेटावर रखवालदार, रखवालदाराच्या हातात टॅब. मे महिना, बाहेर वारा सुटला की चुलीवरचं झाकण उघडल्यासारखी धग तोंडावर येते. आत मात्र एसीमुळे शाल लागते. मृणालने काकांसाठी मुद्दाम बाजारातून सुरमई आणली होती. बर्फातून काढलेली, कधी समुद्रातून निघाली ते तिलाही सांगता आलं नसतं. काकांनी ती निमूट खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मृणू, वरण-भातच कर बाय."

मी घरून सुके बोंबील आणि सुकट आणली होती. तीन पिशव्यांत बांधून, वर वर्तमानपत्र, त्यावर टॉवेल. रेल्वेत कोणाला कळलं नाही. पण मृणालने सकाळी बोंबील तव्यावर टाकले मात्र, गेटवरून इंटरकॉम वाजला.

"मॅडम, आपके फ्लोर पे कुछ मर गया है क्या? ऊपर वाली आंटी कम्प्लेंट कर रही हैं."

मृणाल खिडक्या लावत फिरली. "ताई, सॉरी हं, यार इथे असंच आहे," म्हणाली. मला तिचा राग आला नाही. त्या वरच्या आंटीचा आला. जिच्या घरात आमच्या बंदरातून उतरलेला फ्रीज आहे, टीव्ही आहे, सोफ्याचं कापड आहे, तिला आमच्या बंदराचा वास तेवढा नको.

मृणालची मुलगी ईरा नऊ वर्षांची. दिल्लीतच वाढलेली. ती काकांच्या मांडीला खेटून बसली आणि विचारू लागली, "आजोबा, तुम्ही खाडीसाठी आलात ना? खाडी म्हणजे क्या? नाला?"

"नाला नाय गो." कोणी कधी त्यांना हा प्रश्न विचारला नसणार. "समुद्र जमिनीला भेटाया येतो ना, ती जागा. रोज दोनदा येतो, दोनदा जातो."

"रोज? त्याला बोअर नाही होत?"

"आमाला तरी नाय झालं," काका म्हणाले आणि हसले. दिल्लीत ते हसलेले मी तेवढेच पाहिले.

कोरडं बंदर

नाझनीन माझी विद्यार्थिनी. आमच्याच गावची, तिचे वडील आणि आजोबा दोघेही खाडीत खुंट रोवणारे. ती दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन कलेक्टर व्हायचा अभ्यास करते. वर्गात ती नेहमी पहिल्या बाकावर बसून मला उलट प्रश्न विचारायची, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

"मॅडम, सुनावणी परवा आहे ना? मग उद्या तुम्हाला बंदर दाखवते."

"कसलं बंदर?"

"आपलंच. दिल्लीतलं."

मला वाटलं थट्टा करते. पण खरंच आहे. मेट्रो, मग रिक्षा, मग ट्रकांच्या रांगेच्या कडेने धूळ खात चालणं, आणि समोर भिंतीआड रचलेले कंटेनर. निळे, तांबडे, हिरवे, एकावर एक. त्यांना उचलणाऱ्या क्रेन, तेच पिवळे जॅकेट घातलेले लोक, तोच हॉर्नचा गोंगाट. ह्याला 'ड्राय पोर्ट' म्हणतात. कोरडं बंदर. आसपासच्या कारखान्यांचा माल इथे येतो, कस्टमची तपासणी इथेच होते, कागद इथेच होतात, सील इथेच लागतं. मग तो रेल्वेने आमच्याकडच्या बंदरांत जातो आणि सरळ जहाजावर चढतो. येणाऱ्या मालाचंही तसंच.

काका भिंतीपाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "आणि पाणी?"

"पाणी नाही, काका," नाझनीन म्हणाली.

"मग ह्याला बंदर का म्हणतात?"

समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणारा, बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, फोन कानाला. नाझनीनने त्याला आमच्या गावचं नाव सांगितलं तसा तो खूश झाला.

"अच्छा, वेसरे! हमारा बहुत माल जाता है जी वहाँ से."

"तुम्ही आलात कधी तिकडे?" मी हिंदीत विचारलं.

"ज़रूरत ही नहीं पड़ती. सारा काम तो यहीं हो जाता है. देखिए मैडम, असली पोर्ट तो ये है. आपके उधर तो बस पानी है."

तो वाईट माणूस नव्हता. आमच्या चहाचे पैसेही त्यानेच दिले, नको नको म्हणताना. पण तो चहा मी अर्धा टाकला. त्या रस्त्यावर मी मोजता येणार नाहीत इतकी ऑफिसं पाहिली. एजंटांची, विम्याची, वाहतुकीची, गोदामांची, वर काचा लावलेली. त्यांत पंख्याखाली बसून काम करणारी पोरं होती, दुपारी डबा खाणारी, पगारवाढीवरून कुरकुर करणारी. आमच्याकडे पदवी घेऊन रिकामी बसलेली पोरं आहेत, तीच कामं त्यांना आली असती. बंदर आमच्या दारात, समुद्र आमचा, बुडालेली मिठागरं आमची. आणि बंदराची कमाई ज्या खुर्च्यांवर बसून होते, त्या खुर्च्या इथे, जिथे समुद्राची झुळूकही पोहोचत नाही. आमच्या वाट्याला गेटवरच्या रखवालदाराची निळी पँट.

वर्गात मी पोरांना शिकवत आले की बंदर आलं की गाव वाढतं, सुरतेचं बघा, भरूचचं बघा. यंदापासून तो धडा मी वेगळा शिकवणार आहे.

गुडगाव

नाझनीनने अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीला आधीच मेल टाकून ठेवला होता. त्यांचं उत्तर गोड होतं. नक्की या, भेटायला आवडेल. मी ठरवून गेले होते की ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला त्याच्या तोंडावर खोटारडा म्हणायचं. वाक्यंसुद्धा तयार होती, हिंदीतली, दोन-तीन जरा जहाल.

त्याच दुपारी तिथे पोहोचलो. इमारत सगळी काचेची. खाली गळ्यात अडकवायला कार्ड दिलं, वर लिफ्ट. काका माझ्या मागे मागे. एका खोलीत बसवलं. भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या खाडीचा नकाशा लावलेला. निळं पाणी, बाजूला हिरवी कांदळवनं, आणि तोंडाशी तिरक्या रेघांचा चौकोन. त्यात काही नाही. एक होडी नाही, एक खुंट नाही. माझ्या डोळ्यांपुढे तिथे आमच्या अख्ख्या वाडीचे खुंट होते.

दार उघडून एक तरुण आत आला. तिशीतला, दाढी कोरलेली, हसरा. तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ काकांकडे गेला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"अरे अंकल! आप! पहचाना मुझे? यार, क्या चटनी खिलाई थी आपने, वो सूखी मछली वाली. मैं आज भी सबको बताता हूँ."

काका खाली बघत होते.

"तुम्ही ओळखता ह्याला?" मी विचारलं.

त्यांनी होय अशी मान हलवली.

"मैम, अंकल ने तो हमें पूरी खाड़ी घुमाई थी अपनी बोट में," तो उत्साहाने सांगत होता. "दो दिन. एक पैसा नहीं लिया."

मी तयार करून आणलेली वाक्यं गिळली आणि अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. हे कुठून आलं, विचारलं. त्याचा चेहरा पडला. खरोखर पडला, नाटक नव्हतं.

"मैम, ये तो अंकल ने खुद बताया था. मैंने पूछा, यहाँ मछली मारते हो? बोले, नहीं साब, कोई नहीं मारता. फिर जेटी पे सबसे पूछा. सबने यही बोला. हमने अपने मन से थोड़ी लिखा है."

मी काकांकडे पाहिलं. ते नकाशाकडे बघत होते.

खाली रस्त्यावर आल्याबरोबर मी त्यांच्यावर तुटून पडले. भर उन्हात, येणारे-जाणारे बघत होते, मला पर्वा नव्हती. "काका, सोसायटीत इतक्या बैठका झाल्या, तुम्ही तोंड उघडलं नाहीत! अख्ख्या गावाच्या पोटावर तुम्हीच पाय दिलात! का म्हणालात असं?"

काका कठड्यावर बसले. नाझनीनने त्यांना पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरली.

"जुलै होता गो," ते म्हणाले. "मासेमारीची बंदी चालू. आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावची होडी धरलेली खात्यानं. आणि हा पोरगा आला. गळ्यात कार्ड, हातात कॅमेरा, सगळ्याचे फोटू काढतोय. आमाला वाटलं, मासेमारी खात्याचा माणूस. बंदीत कोण जाळं टाकतो ते बघाया आलाय. त्यानं इचारलं, इधर मछली मारते हो? मी म्हटलं, नाय साब, कोई नाय मारता. आपली सगळी पोरं माझ्यामागं उभी. तीपण बोलली, कोई नाय, कोई नाय."

"पण बंदी आहे म्हणून, असं सांगितलंत का?"

"ते त्याला म्हाईत नसंल असं कसं वाटंल? सरकारचाच माणूस ना तो."

"आणि खुंट?"

"उपटलेले. घरामागं रचलेले. पावसात कधी ठेवतो आपण?"

सगळं त्या क्षणी लख्ख कळलं. पावसाळ्यात मासळीच्या पोटात अंडी असतात, म्हणून सरकारची बंदी. सरकारच्या आधीपासून आमच्याकडे ती पाळली जाते, नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय जाळं पाण्यात जात नाही. खुंट उपटतात, कारण उधाण ते मोडून टाकतं. वर्षातून जे दोन-अडीच महिने आमची खाडी रिकामी असते, नेमके तेच महिने निवडून हे लोक मासेमारी मोजायला आले. पाहुणा आला म्हणून आमच्या माणसांनी वर ओढलेली होडी काढून त्याला खाडीत फिरवलं, जेवू घातलं, आणि आपण कायदा कसा काटेकोर पाळतो ते छाती पुढे काढून सांगितलं. त्या पोराने तेच लिहिलं.

माझा काकांवरचा राग तिथेच संपला, आणि जो उरला तो अजून उरलेलाच आहे. मासेमारीचा अहवाल लिहायचे पैसे घेणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या काचेच्या इमारतीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तुम्ही मासे कधी मारता? आमच्या पाचवीतल्या पोरालाही हा प्रश्न सुचला असता. वर जाऊन त्या पोराला हे सांगितलं. तो "ओह शिट" म्हणाला, कपाळाला हात लावला, आणि म्हणाला की अहवाल आता सबमिट झालेला आहे, त्याच्या हातात काही नाही. बिल्कुल काही नाही.

मुनिरका

संध्याकाळी नाझनीनच्या खोलीवर गेलो. चिंचोळा जिना, वरून लोंबणाऱ्या तारा, एका मजल्यावर चार खोल्या. भिंतीवर भारताचा नकाशा, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या. तिने भात लावला आणि मी आणलेली सुकट कांद्यावर परतली. इथे कोणी इंटरकॉम केला नाही. उलट शेजारच्या खोलीतली बिहारची मुलगी ताट घेऊन आली.

"मॅडम, उद्या तुम्हीच बोला," नाझनीन म्हणाली. "काका उभे राहिले तर त्यांना पहिला प्रश्न हाच विचारतील, की तेव्हा खोटं बोललात का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "काका, उद्या तुम्ही बोलू नका."

काकांनी ताटातला भात संपवला, हात धुतला, आणि मग बोलले. "माझ्या नावावर लिवलंय ते. मीच बोलनार."

नाझनीनने पुस्तकं बाजूला सारून जागा केली आणि ते आडवे झाले. ती मला गच्चीवर घेऊन गेली. लांब विमानं उतरत होती.

"मॅडम, उद्या जातोय तसल्या सरकारी इमारतीत मला बसायचंय म्हणून मी इथे चार उन्हाळे काढले," ती म्हणाली. "तिथे बसून मीही असाच चुकीच्या महिन्यात माणूस पाठवला असता का?"

"तू नसता पाठवलास."

"कशावरून? मला खाडी माहीत आहे म्हणून. पण राजस्थानातलं मला काय माहीत?"

शाळेतही ती मला असंच अडवायची.

सुनावणी

सरकारी इमारत, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि झाकलेली काजूची बशी. आम्ही भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. आधी बंदर कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. रोजगार, निर्यात, विकास. ओसाड किनारा तर आलाच. शेवटी ते वाक्य आलं, आणि तो म्हणाला, हे आम्ही म्हणत नाही, हे तिथले लोक म्हणतात.

मग मी बोलले. बंदी, खुंट, जुलै, सगळं सांगितलं. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. एक बाई मान खाली घालून लिहून घेत होत्या. बाकीचे फोनवर.

अध्यक्ष वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी काकांना उभं राहायला सांगितलं आणि नाझनीनने सांगितलेलाच प्रश्न विचारला.

"आपने उस दिन कहा, कोई मछली नहीं मारता. आज कह रहे हैं, सब मारते हैं. तो झूठ कब बोले? उस दिन, या आज?"

काका उठून टेबलापाशी गेले. तरुणपणी ते मुंबईच्या ट्रॉलरवर होते, तिथली हिंदी त्यांना येते.

"साब, उस दिन भी सच बोला, आज भी सच बोलता. उस दिन बंदी था. बंदी में हम नहीं मारता. मेरा बाप भी नहीं मारता था, तब तुम्हारा बंदी भी नहीं था. मछली के पेट में अंडा रहता है. तुम्हारा आदमी बंदी में आया, मैं बंदी का जवाब दिया. तुम अभी आओ. कल चलो. मेरे साथ चलो."

टेबलाभोवतीच्या हातांतले फोन खाली गेले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग शेजारच्याशी कुजबुजले आणि म्हणाले की मुद्दा रास्त आहे, समितीचे सदस्य स्वतः जागेवर जाऊन पाहणी करतील, तोवर निर्णय राखून ठेवत आहोत.

मी काकांचा हात दाबला. नाझनीनच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही जिंकलो असं मला खरंच वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

बाहेर एका खोलीत पाहणीची तारीख कळणार होती. तिथल्या अधिकाऱ्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "जुलाई. दूसरा हफ़्ता."

मी म्हणाले, "अहो, जुलैत बंदी असते. आत्ता तेच तर सांगितलं आतमध्ये!"

"मैडम, मेंबर्स की अवेलेबिलिटी देखनी पड़ती है. अभी सब बाहर जा रहे हैं, छुट्टियाँ हैं. अगस्त के बाद सब बिज़ी."

"मग सप्टेंबरात या. तेव्हा आमच्या होड्या पाण्यात असतात. वाट बघू आम्ही."

"प्रोजेक्ट इतना नहीं रुक सकता." मग मला समजावायला तो जरा पुढे झुकला आणि हसून म्हणाला, "और वैसे भी, बारिश में कोंकण बहुत सुंदर होता है, मैडम. मेंबर्स भी खुश हो जाएँगे."

त्याला मी काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. शाळेत नोकरी आहे. नाझनीनने मला दंडाला धरून बाहेर आणलं. आम्ही लेखी अर्ज दिला, अर्जावर शिक्का मिळाला. अजून उत्तर नाही.

वेसरे

येताना गाडीत काका खिडकीशी बसून राहिले. ईराने त्यांच्यासाठी खाडीचं चित्र काढून दिलं होतं, तेवढं मात्र ते मधून मधून काढून बघत होते. तिच्या चित्रात खाडीत डॉल्फिन होते.

जूनमध्ये बंदी लागली. होड्या वर ओढल्या, वाडीतले सगळे आपापले खुंट उपटून घरामागे रचायला लागले. त्या संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. पुढे काय, ह्यावर सगळे एकदम बोलत होते. मोर्चा काढू, वकील करू, आमदाराला भेटू. काका शेवटी उठले.

"माझे खुंट मी काढनार नाय," ते म्हणाले. "ती माणसं जुलैत आली की मी होडी काढीन आणि तोंडाशी जाळं बांधीन. मासेमारी खात्याला आधीच सांगून ठेवीन, या धरायला."

एकदम गलका झाला. म्हातारे चिडले. बंदीत जाळं? तुझ्या बापाने कधी टाकलं का? मीही ओरडले, होडी जप्त होईल, आणि जुलैत तोंडाशी कसलं पाणी असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं?

"होऊ दे जप्त. जप्त केली तर पंचनामा करतील. कुठं धरली ते लिवावं लागंल ना? खाडीच्या तोंडाशी मासे मारताना धरली, असं लिवतील. सरकारच्या हातानं." ते मग म्हाताऱ्यांकडे वळले. "आणि मासा नाय मरनार. जाळ्याच्या टोकाची गाठ मी बांधनारच नाय. एका बाजूनं आत येईल, दुसऱ्या बाजूनं जाईल."

जन्मभर ज्या माणसाने सरकारचाही कायदा पाळला आणि बापाचाही, त्याला खरं ठरण्यासाठी आता ह्या वयात, ह्या पाण्यात, होडी घालून गुन्हा करायचा आहे. मला दिल्लीचा जेवढा म्हणून राग आहे, तो सगळा ह्या एका गोष्टीचा आहे.

आज सकाळी शाळेत जाताना कोळ्यांच्या जुन्या जेट्टीवरून पाहिलं. पाऊस धरलेला, पाणी गढूळ आणि चढलेलं. सगळ्यांचे खुंट घरामागे गेलेत. तोंडाशी फक्त काकांचे दोन उभे आहेत, आणि ते होडीला डांबर लावत बसले आहेत.